साष्टीची चूल आणि न उघडलेले हॉटेल

(थ्रेड)

१/ मुंबईतील जुन्या हॉटेलांच्या याद्या समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. त्यांत १९०४ चे कयानी असते, १९२३ चे ब्रिटानिया असते, माटुंग्याचे १९४२ चे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग असते. इराणी, पारशी, उडुपी, गोवेकर, मालवणी अशी सर्वांची हजेरी लागते. परंतु ज्यांच्या भातशेतांवर आजची अंधेरी, मरोळ आणि बोरिवली उभी आहे, त्या ईस्ट इंडियन समाजाचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एखादे हॉटेल या याद्यांत दिसत नाही. ते का दिसत नाही, याविषयी हा थ्रेड.

२/ माझे मत आधीच सांगतो. हॉटेल नसणे हा या समाजाच्या इतिहासातील कमीपणा नाही. तो एक पुरावा आहे आणि तो वाचायला आपण शिकलेलो नाही. दुकानाची पाटी, गल्ला आणि स्थापनेचे साल दिसले की आपण त्याला ‘वारसा’ म्हणतो. चार शतके घरात शिजत आलेल्या अन्नाला मात्र ‘घरचं जेवण’ म्हणून सोडून देतो. हे मोजमाप चुकीचे आहे. ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

३/ २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. साष्टी बेट त्यातच आले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आजची उपनगरे याच साष्टीवरची. साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून पडले असे परंपरा सांगते. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे या गावांनी सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीज अंमल पाहिला.

४/ या दोनशे वर्षांत इथले अनेक कोळी, कुणबी, आगरी, भंडारी आणि ब्राह्मणही ख्रिस्ती झाले. सत्ता गेली तरी धर्म राहिला, आणि धर्म बदलला तरी भाषा राहिली. घरात मराठीच बोलली जाई. बायका लुगडेच नेसत. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याच्या विधीला आजही ‘उंबराचं पाणी’ म्हणतात. नव्या भाताची पहिली कणसे ऑक्टोबरात चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा ‘आगेरा’ अजून होतो. उंबर इथला आणि आशीर्वाद रोमचा, असा हा संसार आहे.

५/ अशा संसाराला जगभर एक शब्द आहे : क्रिओल. त्याचे मूळ पोर्तुगीज ‘क्रिओलो’ या शब्दात आहे आणि त्यामागे वाढवणे, पोसणे अशा अर्थाचे क्रियापद आहे. क्रिओल म्हणजे घरात पोसलेला, इथेच वाढलेला. बाहेरचे बीज आणि इथली माती यांतून जे तिसरे उगवते, ते क्रिओल. शब्दाचा हा घरगुती मूळ अर्थ लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

६/ येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘क्रिओल’ म्हटले की अनेकांना मिश्र रक्ताची वसाहत आठवते. ईस्ट इंडियन समाज तसा नाही; तो इथलाच, याच मातीतला शेतकरी आणि मच्छीमार समाज आहे. क्रिओल आहे ती त्याची संस्कृती, विशेषतः त्याची चूल. आणि एके काळी या प्रदेशात खरोखरच एक क्रिओल भाषाही बोलली जात होती.

७/ मुंबई, साष्टी आणि वसई भागातील या पोर्तुगीज क्रिओलचा अभ्यास मोन्सिन्योर सेबास्तिआंव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजीच्या रेट्यापुढे ती पुढे विरून गेली. तिची एक सख्खी बहीण मात्र आजही जिवंत आहे. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी, हजाराच्या आतबाहेर लोक आजही ‘क्रिस्ती’ बोलतात. चौल १७४० मध्ये पोर्तुगिजांच्या हातून गेले. भाषा पावणेतीनशे वर्षांनंतरही गेलेली नाही.

८/ भाषा गेली, पण तिचे शब्द पातेल्यांत राहिले. सोरपोतेल म्हणजे पोर्तुगिजांचे ‘सारापातेल’. इंदियालचे नाते ‘व्हिन्या द आल्यूश’ या पाककृतीशी, म्हणजे मद्य आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाशी सांगितले जाते. गोव्यात त्याचेच विंदालू झाले. साष्टीत मद्याची जागा व्हिनेगरने घेतली आणि पोर्तुगिजांच्या स्वप्नातही नसलेले मसाले त्यात उतरले. नाव परके उरले, चव गावची झाली.

९/ या चुलीचा प्राण म्हणजे बाटली मसाला. उन्हाळ्यात मिरची, हळकुंडे, धणे आणि वीस-पंचवीस, कुठे त्याहूनही अधिक जिन्नस अंगणात वाळवायचे, एकेक वेगळे भाजायचे, लाकडी उखळात मुसळांनी कांडायचे आणि बिअरच्या गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचे. गडद काचेमुळे उजेड लागत नाही, ठासल्यामुळे हवा राहत नाही. म्हणून मसाला वर्षभर टिकतो. नाव पडले ते बाटलीवरून. प्रमाण प्रत्येक घराचे निराळे, आणि ते शेजारणीलाही सहसा सांगायचे नाही.

१०/ आणि ते कांडायचे कोणी? उन्हाळ्यात घरोघर फिरून मसाला कांडून देणाऱ्या बायकांच्या टोळ्या असत. दोघी-तिघी एकाच उखळाभोवती उभ्या राहत आणि मुसळांचा ठेका चुकू देत नसत. एका अर्थी साऱ्या साष्टीचे स्वयंपाकघर या बायकांनी चालवले. त्यांतील एकीचेही नाव कुठल्या पाटीवर नाही. हॉटेलांच्या याद्यांतून एक समाज सुटतो आणि त्या समाजाच्या आठवणींतूनही या बायका सुटतात. विस्मरणालाही उतरंड असते.

११/ आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढी समृद्ध चूल असताना हॉटेल का झाले नाही? उत्तर शोधताना आधी उलटा प्रश्न विचारावा : ज्यांची हॉटेले झाली, त्यांची का झाली?

१२/ इराणी चहावाले यझ्द-केरमानकडून आलेले. उडुपीवाले दक्षिण कॅनरातून आलेले. गोव्याचे खलाशी आणि आचारी धोबीतलाव-माझगावच्या ‘कूडां’मध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या सामायिक खोल्यांमध्ये, राहणारे. गिरणगावातील खानावळी चालल्या त्या कोकण-घाटावरून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांच्या जिवावर. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : घर दूर होते. घरापासून तुटलेल्या माणसाला पैसे देऊन जेवावे लागते, आणि त्याच्याच मुलखातला दुसरा माणूस त्याला ते जेवण विकतो. मुंबईचे जुने हॉटेल हे स्थलांतराचे अपत्य आहे.

१३/ मरोळ, आंबोली, चकाला, सहार, गोराई, मनोरी येथील ईस्ट इंडियन माणूस कुठूनही आलेला नव्हता. त्याचे घर शेतापासून हाकेच्या अंतरावर होते. दुपारी भूक लागली तर तो घरी जाई. पाहुणा आला तर त्याला जेवू घालणे हे कर्तव्य होते. त्याचे पैसे घेणे कोणाच्या मनातही आले नसते. लग्नात सारे गाव जेवे, त्या दिवसापुरते अंगणच भोजनगृह होई. फुगे तळायला आळीतल्या बायका जमत. हॉटेलाची उणीव भासावी अशी परिस्थितीच नव्हती.

१४/ याच्या शेजारी दुसऱ्या खंडातले एक उदाहरण ठेवून पाहू. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स ही क्रिओल खाद्यसंस्कृतीची सर्वांत प्रसिद्ध नगरी. तिथल्या ‘गंबो’ या रश्श्याचे नाव भेंडीच्या पश्चिम आफ्रिकी नावावरून आले, त्याचा पाया फ्रेंच पद्धतीने परतलेल्या पिठाचा, आणि काही घरांत तो दाट करण्यासाठी वापरतात ती पूड मूळनिवासी चोक्टॉ लोकांकडून आलेली. आपल्या भेंडीची ही दूरची कहाणी आहे. तेथे ॲन्टोइन्स नावाचे उपाहारगृह १८४० पासून एकाच घराण्याकडे आहे. त्याचा संस्थापक मार्सेयहून आलेला फ्रेंच माणूस होता. म्हणजे तेथेही पहिले मोठे नाव बाहेरून आलेल्याचेच!

१५/ पण त्याच शहरात ‘डूकी चेझ’ आहे आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. ते १९४१ मध्ये ट्रेमे या वस्तीत एका कृष्णवर्णीय कुटुंबाने सुरू केले. हे लोक तिथलेच होते, स्थलांतरित नव्हते. मग त्यांना हॉटेल का काढावे लागले? त्याच ट्रेमेमध्ये होमर प्लेसी नावाचा क्रिओल चर्मकार राहत असे. गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. त्या छायेत कृष्णवर्णीयांना शहरातील चांगल्या उपाहारगृहांची दारे बंद राहिली. घर जवळ होते. शहर मात्र नाकारत होते.

१६/ १९४६ मध्ये या घरात सून म्हणून आलेल्या लिआ चेझ यांनी सँडविचच्या त्या दुकानाचे पांढऱ्या चादरीच्या मेजांचे क्रिओल भोजनगृह केले. वरच्या मजल्यावर गोरे आणि काळे कार्यकर्ते एकत्र बसून नागरी हक्क चळवळीचे बेत आखत. तसे एकत्र बसणे कायद्याविरुद्ध होते. मार्टिन ल्यूथर किंग तेथे जेवले, १९६१ चे ‘फ्रीडम रायडर्स’ जेवले. २००५ च्या कॅटरिना वादळात इमारतीत पाणी शिरले. २००७ मध्ये चूल पुन्हा पेटली. लिआ चेझ २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी वारल्या. हॉटेल आजही घराण्याकडेच आहे.

१७/ या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझे म्हणणे स्पष्ट होते. हॉटेल जन्माला येते ते घर दूर असले तर, किंवा शहराने दार बंद केले तर. साष्टीत दीर्घकाळ या दोन्ही गोष्टी नव्हत्या. तेव्हा ‘या लोकांनी हॉटेल काढले नाही’ या वाक्यात आपण नकळत जो आळसाचा किंवा उद्यमशीलतेच्या अभावाचा आरोप ठेवतो, तो काढून टाकला पाहिजे. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन होती, त्याला जेवण विकण्याची गरज पडली नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

१८/ आणि मग जमीन गेली. शोकांतिका इथून सुरू होते. उपनगरे १९५० मध्ये आणि विस्तारित उपनगरे १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली. विमानतळ, मरोळची औद्योगिक वसाहत, १९७३ मध्ये सुरू झालेले सीप्झ, एकामागून एक गृहसंकुले : भाताची खाचरे संपली. शहर गावठाणांभोवती वाढले आणि गावठाणे त्याच्या पोटात अडकली. सीप्झच्या कुंपणाआड १५७९ च्या सेंट जॉन चर्चचे अवशेष उभे आहेत. १८४० मध्ये साथीनंतर गाव तेथून मरोळला हलले आणि चर्च ओस पडले. आज गणकयंत्रांच्या कारखान्यांमध्ये ते छपराविना उभे आहे.

१९/ म्हणजे स्थलांतर झालेच, फक्त माणसे जागची हलली नाहीत. त्यांच्याभोवतीचा मुलूख हलला. शेत नाही तर नवे तांदूळ नाहीत, अंगण नाही तर मसाला वाळवायला जागा नाही, विहीर बुजली तर उंबराचे पाणी कुठून आणायचे? ज्या परिस्थितीत इतर समाजांनी हॉटेले काढली, ती परिस्थिती या समाजावर आली तेव्हा जागेचे भाव आभाळाला भिडले होते. रेल्वे स्टेशनाजवळ स्वस्तात गाळा घेऊन तीन पिढ्या तग धरण्याचा काळ उलटून गेला होता.

२०/ काही मित्र आक्षेप घेतील की मी या चुलीचे उदात्तीकरण करतो आहे, कारण तिच्या मुळाशी सक्ती होती. आक्षेपात तथ्य आहे आणि ते टाळता कामा नये. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांतील शिवस्थानाचे फ्रान्सिस्कनांनी चर्च केले, याच्या खुणा आजही तेथे दिसतात. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानात धर्मांतरितांच्या घरगुती रूढींवर बंदी घातली. हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवणेसुद्धा त्यात आले. भाताच्या पातेल्यात डोकावणारी ही सत्ता होती.

२१/ परंतु याच पुराव्याचा दुसरा अर्थही पाहा. ज्या अर्थी बंदी घालावी लागली, त्या अर्थी लोक ते करत होते. सत्तेने घर बदलू पाहिले, घराने हवे ते घेतले आणि उरलेले आपल्या पद्धतीने शिजवले. लुगडे, उंबर आणि मराठी टिकली ती या स्वयंपाकघरांच्या हट्टामुळे. याच समाजातील जोसेफ बॅप्टिस्टा १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले आणि महाराष्ट्राने त्यांना ‘काका’ म्हटले. सक्तीचा इतिहास सांगावाच. पण त्या सक्तीची किंमत आज वंशजांच्या नावावर मांडू नये.

२२/ आणि ‘परके’ म्हणून बोट दाखवण्याआधी आपापल्या ताटाकडे पाहावे. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा ही सारी मूळची अमेरिकेची पिके. पाव, बटाटा, काजू, कोबी, अननस हे शब्दही आपण पोर्तुगिजांकडून घेतले. उपवासाला चालणारे इतके परदेशी जिन्नस आणखी कुठल्या पंगतीत सापडतील? मराठी स्वयंपाकघर थोडेफार क्रिओल आहेच. ईस्ट इंडियनांनी ते उघडपणे नावांत जपले, एवढाच फरक.

२३/ नावावरून आठवले. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले मूळचे आहोत, हे कंपनी सरकारच्या वारसदारांना कळावे म्हणून हे नाव घेतले गेले. ‘आम्ही इथलेच’ हे सांगण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांना ‘ईस्ट’ म्हणवून घ्यावे लागले! स्वतःच्या गावात स्वतःची ओळख पटवून देण्याची वेळ या समाजावर तेव्हापासून येते आहे.

२४/ तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हॉटेल असते तर दप्तर राहिले असते. डूकी चेझच्या भिंतींवर चित्रे आहेत, जुनी भोजनपत्रे आहेत, कोण कधी जेवले याच्या नोंदी आहेत. घराची चूल असे काही मागे ठेवत नाही. आजी गेली की प्रमाण गेले. असोसिएशनने पाककृतींचे पुस्तक काढले, मनोरीला समाजाने संग्रहालय उभारले, घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या अनेकजणी आज फुगे आणि खुडी उपनगरभर पोहोचवतात. हे प्रयत्न मोलाचे आहेत. पण मिटत चाललेल्याच्या मानाने अपुरे आहेत.

२५/ म्हणून तुम्हां तरुण इतिहासप्रेमींना माझे सांगणे आहे. किल्ल्यांच्या तटांवर आपण पुष्कळ हिंडतो. आता गावठाणांतही जाऊ. प्लेगच्या काळातील क्रूसांवरची साले वाचा. विहिरी कुठे होत्या त्या नकाशावर मांडा. ओळखीच्या घरी परवानगी घेऊन विचारा : मसाला कोण कांडून देत असे, त्या बायका कुठून येत, काय मजुरी घेत? उपासाच्या चाळीस दिवसांत काय शिजे? प्रमाण सांगायचे नसेल तर त्याचा आग्रह धरू नका. ते त्यांचे गुपित आहे. त्यांच्या बोलीतले शब्द मात्र जसेच्या तसे टिपा, ‘शुद्ध’ करू नका.

२६/ आणि जुन्या हॉटेलांची पुढची यादी करताना तिच्या तळाशी एक ओळ अवश्य लिहा : या शहरात काही समाजांची हॉटेले नाहीत, कारण शहर येण्याआधीपासून त्यांची इथे घरे होती. क्रिओल म्हणजे घरात पोसलेले, हा मूळ अर्थ साष्टीने तंतोतंत पाळला. आता ती घरेच धोक्यात आहेत. तेव्हा पाटी शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा, चूल पेटती आहे तोवर तिच्याशेजारी बसून ऐकून घेणे, हेच इतिहासाचे काम आहे.

(थ्रेड समाप्त. तुमच्या गावठाणातील शब्द, पदार्थ किंवा विहिरीची आठवण ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा.)